गाडी लागणारे मन्मथआप्पा

मन्मथआप्पांना गाडी लागायची. घाटात लागते, रिकाम्या पोटी लागते, तसलं काही नाही. उभ्या गाडीत नुसतं बसवलं तरी लागायची. आणि या माणसाची सगळी नोकरी आमच्या कार्यालयाच्या दळणवळण कक्षात गेली. त्यांना तिथं कुणी नेमलं ते मला कधी कळलं नाही, पण तो माणूस भेटला तर त्याला एकदा घरी जेवायला बोलवावं असं मला फार वाटतं.

आमचं कार्यालय नांदेडला. आदिवासी वस्त्यांची कामं बघायचं. त्यात एका कोपऱ्यात, बंद पडलेल्या झेरॉक्स मशीनच्या मागं, आमचा कक्ष होता. किनवट-माहूरकडच्या डोंगरातल्या गुड्यांना, म्हणजे गोंडांच्या वस्त्यांना, रस्ता द्यायचा, वस्तीला मिळून एखादी जीप द्यायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यात आणि बायाबापड्यांना बाजारात जाता यावं, यासाठी सरकारातून निधी यायचा. निधीच्या बरोबर नियम यायचे. निधी पुष्कळदा वाटेत अडकायचा. नियम कधी अडकल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मी तिथं कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. पहिल्या दिवशी टेबलापाशी गेले तर कपाळावर भस्माचे ठळक पट्टे ओढलेला, पांढऱ्या टोपीतला एक ठेंगणा माणूस बशीतला चहा फुंकत एक परिपत्रक वाचत होता. मान वर न करता त्यांनी विचारलं, "गाव कोन्तं?"

"नायगाव."

"बसा, नायगाव."

झालं. त्या दिवसापासून मी नायगाव. आप्पा कुणालाच नावानं हाक मारत नसत. आमचा ड्रायव्हर म्हणजे मुदखेड. आवक-जावक बघणारे काका म्हणजे हदगाव. मी एकदा विचारलं, आप्पा, असं का हो? तर म्हणाले, "नाव काय, कुणाचंबी ठेवतेत. संध्याकाळी मान्सानं परत कुठं जायचं, ते ध्यानात ऱ्हायला पायजे." ते स्वतः उदगीरचे. पण त्यांना उदगीर म्हणायची आमची कुणाची छाती नव्हती. आम्ही आप्पाच म्हणायचो.

आता त्या गाडी लागण्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण पुढं सगळं त्याच्यावरच येतं.

गाडी सुरू झाली की आप्पा एका हातात लिंबू घ्यायचे आणि दुसऱ्या हातात आल्याची वडी. नजर समोर, बोलणं बंद. थोड्या वेळानं ते चष्मा काढायचे, काड्यांची घडी घालायचे आणि शेजारी जो असेल त्याच्या हातात द्यायचे. एक शब्द न बोलता, मोठ्या अदबीनं. चष्मा हातात आला की आपण दार उघडून द्यायचं आणि बाजूला सरकायचं, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या लोकांना हे पाठ होतं. नवा माणूस चष्मा घ्यायचा, उलटसुलट करून बघायचा, आणि मग त्याच्या चपलांचं जे व्हायचं ते व्हायचं. मी माझ्या पहिल्या दौऱ्यात त्यांना चष्म्याचा नंबर विचारला होता. ती साडी मी पुन्हा नेसले नाही.

मुदखेडनं यावरून एक शास्त्रच तयार केलं होतं. वस्त्यांना द्यायच्या नव्या जिपा आमच्या आवारात येऊन उभ्या राहायच्या, आणि त्यांची तपासणी आप्पांकडे. आप्पा बिचारे दार उघडून आत बसायचे, आरसे-हॉर्न-ब्रेक बघायला सुरुवात करायचे, आणि हॉर्नपर्यंत पोचता पोचता चष्मा बाहेर यायचा. मुदखेड तो झेलायचा आणि खिडकीतून आम्हाला ओरडून सांगायचा, "पास हाय वो, पास हाय." त्याचं म्हणणं असं, की आप्पाला मळमळलं म्हंजे ती गाडी. न्हाई मळमळलं तर ती गाडीच न्हवं, मग तिला चाकं कितीका असंनात. रेल्वेत आप्पांना काही होत नसे, हे मी त्याला दाखवून दिलं. तो जराही डगमगला नाही. म्हणाला, "रेल्वे कुठं गाडी हाय, म्याडम? ती तर घरं हायत एकामागं एक."

म्हणून आप्पा होता होईल तो किनवटपर्यंत रेल्वेनं जायचे आणि तिथून पुढं डोंगरात पायी. आमची सरकारी जीप फायली घेऊन पुढं जायची आणि शेवटच्या गावात आप्पांची वाट बघत बसायची. दौऱ्याच्या दैनंदिनीत 'प्रवासाचे साधन' असा एक रकाना असतो. त्यात ते लिहायचे, 'पाय'. एकदा वरून त्यावर शेरा आला, की वाहनाचा तपशील द्यावा. दुसरा कुणी चिडला असता. आप्पांनी बशीतून चहा घेत तो शेरा सावकाश वाचला, "बराबर हाय" म्हणाले आणि खाली लिहून दिलं, 'उजवा व डावा, दोन्ही सुस्थितीत.' पुन्हा काही विचारणा आली नाही.

हे "बराबर हाय" म्हणजे आप्पांचं सगळं तत्त्वज्ञान. कसलंही परिपत्रक येवो. ज्यानं आमचं डोकं तडकायचं, हदगावकाकांचं बीपी वाढायचं, ते आप्पा ओठ हलवत शेवटपर्यंत वाचायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय. आता पुढं?" नियमाशी भांडायचं नाही, अशी त्यांची शिकवण होती. "भांडलं की नियम आपल्याकडं बघाया लागतो, नायगाव. गप चहा पाजायचा त्याला."

चहा पिऊनही न हलणारा एकच नियम मी पाहिला. तो मोहगुड्याचा.

मोहगुडा ही गोंडांची लहानशी वस्ती. डांबरी रस्ता खालच्या गावाशी संपायचा, आणि तिथून वर एक गाडीवाट होती. उन्हाळ्यात तिच्यावरून बैलगाडी जायची, पावसाळ्यात बैलगाडीही विचार करायची. या वस्तीला आमच्या कक्षातून जीप मंजूर झाली. जीप आली, सोमाबाई मडावींनी तिला हळदीकुंकू लावलं, आणि ती खालच्या गावातल्या चिंचेखाली उभी राहिली ती उभीच. कारण परवाना होता 'मोहगुडा ते बाजार'. फेरी सुरू व्हायची तर मोहगुड्यातून सुरू व्हायला हवी. मोहगुड्यात जीप चढत नव्हती. मग खालच्या गावातून सुरू करू म्हणावं, तर खालचं गाव योजनेत बसत नव्हतं, त्यामुळे तिथं माणूस आत बसवणं नियमबाह्य. रस्ता करा म्हणावं, तर रस्त्याचा निधी त्या वाटेवर किती वाहनं चालतात ते मोजून मिळणार. आणि वाहन चालायला रस्ता हवा.

मी हे सगळं आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "बराबर हाय." पण 'आता पुढं' म्हणाले नाहीत. तसं ते पहिल्यांदाच झालं.

ही सोमाबाई म्हणजे वस्तीची न निवडलेली सरपंच. वाळकी, उंच, कपाळावर हिरवं गोंदण. सीताफळाच्या दिवसांत डोक्यावर टोपली घेऊन ती बाजाराला उतरायची, आणि खाली पोचेपर्यंत तळची सगळी फळं वरच्यांच्या भारानं फुटायची. फुटलेली ती आप्पांना खाऊ घालायची. दर बाजाराच्या दिवशी वस्तीतली माणसं चिंचेखालच्या त्या जिपेपाशी थांबायची, तिच्यावरचा पाला झाडायची, काचा पुसायची, सीटवरून कोंबडी हाकलायची आणि पुढं बाजाराला चालत जायची. येताना पुन्हा एकदा बघून जायची. एवढी राखलेली जीप मी दुसरी पाहिली नाही.

एकदा आम्ही गेलो तर सोमाबाई जिपेत बसलेली. मी हसून म्हटलं, "काय सोमाबाई, निघाली का गाडी?"

"बसून पाहून राहिले," ती म्हणाली. "कसं वाटते ते." मग तिनं आप्पांकडे वळून सांगितलं, "मी ह्या गुड्यात लगन होऊन आले, तवा चालत आले. बाजारातून चालत येतो, दवाखान्यातून चालत येतो. एकदा माह्या दारापातूर ह्या जिपेत बसून यायचं हाय, आप्पा. एकदाच. मंग तुमचा रस्ता राहो का जावो."

आप्पांनी सीताफळाच्या बिया हातावर घेतल्या आणि त्या बराच वेळ एका ओळीत मांडत बसले. परतताना ते रेल्वेत माझ्याशी काही बोलले नाहीत. त्यांना रेल्वेत मळमळत नसे, त्यामुळे हे दुसरं काहीतरी होतं.

त्याच सुमारास आम्हाला नवे साहेब आले. पुण्याचे, तरुण, कमालीचे सभ्य. शिपायालासुद्धा "आपण पाणी देऊ शकाल का" म्हणायचे, आणि शिपाई घाबरून मागं बघायचा. आप्पा त्यांना पाठीमागं 'पुणे' म्हणत. एकदा घाईत तोंडावरच निघून गेलं, "पुणे, हितं सही करा." साहेबांनी केली. माणूस सज्जन होता, फक्त जे डोळ्यांना दिसलं नाही ते कागदावर लिहायचा नाही. आणि आमच्याकडे असा माणूस म्हणजे आजार.

पहिल्याच दौऱ्यात आप्पा शिष्टाचार म्हणून साहेबांशेजारी जीपमध्ये बसले. भोकरच्या पुढं आप्पांनी चष्मा काढला, घडी घातली आणि साहेबांच्या हातात ठेवला. साहेब म्हणाले, "अरे वा, थँक यू." त्यांच्या नव्या बुटांचं काय झालं ते मी सांगत नाही. पण तेव्हापासून साहेबही आमच्यातले झाले.

साहेबांनी मोहगुड्याची फाईल वाचली आणि वाहतूक गणना लावायचं ठरवलं. म्हणजे वाटेच्या तोंडाशी बसायचं आणि दिवसभर किती वाहनांच्या किती फेऱ्या झाल्या ते लिहायचं. बैलगाडी वाहन म्हणून धरली जायची, ही त्यातली आशेची जागा. वस्तीत गाड्या होत्या, बैल होते. ठरावीक फेऱ्या भरल्या की रस्ता निधीत बसणार. नाही भरल्या तर प्रस्ताव मागं पडणार, आणि मागं पडलेला प्रस्ताव आमच्याकडे पुन्हा पुढं आल्याचं हदगावकाकांनाही आठवत नव्हतं. गणनेचा दिवस वरून ठरून आला. कळवलं, निरोप गेला, सगळं झालं.

तो दिवस पोळ्याचा होता.

हे कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. वर बसलेल्यांना श्रावणाची अमावास्या कळत नसेल, मान्य. साहेबांच्या घरी पोळ्याला मातीचे बैल आणत. पण मी नायगावची, माझ्या बापाच्या गोठ्यात बैल. आप्पा उदगीरचे. आम्ही दोघं तारीख बघत होतो आणि वार बघत होतो, तिथी कुणी बघितलीच नाही. सरकारी कॅलेंडरानं आमचं असं पार वाटोळं केलं होतं.

आम्ही सकाळी पोचलो तर वस्ती सजलेली. बैलांची शिंगं रंगवलेली, बेगड लावलेलं, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं. गाड्या मात्र जू जमिनीला टेकवून ओळीनं उभ्या. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. जगबुडी आली तरी ठेवत नाहीत.

साहेबांनी वाटेच्या तोंडाशी खुर्ची मांडली आणि पेनाचं टोपण काढलं. समोरून एक कुत्रं गेलं. साहेबांनी ते लिहिलं नाही.

आप्पा सोमाबाईकडे गेले. मी मागं होते. "अव्वा," ते म्हणाले. उदगीरकडच्या कानडी वळणानं ते थोरल्या बायांना अव्वा म्हणत. "अव्वा, आजच्या दिवस. चार चार फेऱ्या मारल्या तरी बास हाय. न्हाईतर रस्ता गेला बघा."

सोमाबाईनं मान हलवली. "काल खांदे मळले, आप्पा. लोणी लावलं, हळद लावली. उद्या जेवाया या म्हणून आवतण देल्लं त्यायले. जेवायला बलावलेल्या पाव्हण्याले कोणी कामाला लावते का?"

"बराबर हाय," आप्पा म्हणाले, आणि खरंच ते बराबर होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एका दगडावर जाऊन बसले, खिशातून लिंबू काढलं आणि गाडी नसताना नाकाशी धरलं.

मला खरं सांगायचं तर रडू येत होतं. सोमाबाई दाराशी उभी राहून त्या वाटेकडे बघत होती. तिला काय गमवावं लागणार आहे ते तिला आमच्याइतकंच कळलं होतं, तरी तिनं बैलाकडे एकदाही वळून पाहिलं नाही.

मुदखेडला असल्या वेळी गप्प बसवत नाही. तो तंबाखू मळत म्हणाला, "मंग तुमीच वढा की गाड्या. बैलं इतके दिवस वढूनच राहिले न्हवं."

तो विनोद होता. हसलो मात्र कुणीच नाही, कारण सोमाबाई त्याच्याकडे अगदी शांतपणे बघत होती.

"हाव," ती म्हणाली. "वढतो."

तिनं गोंडीत वस्तीला काहीतरी ऐकवलं. ते दोन वाक्यांपेक्षा जास्त नव्हतं. बाप्ये माणसं एकमेकांकडे बघून हसली, कुणीतरी धोतर खोचलं, आणि पहिल्या गाडीचं जू दोघांनी उचलून खांद्यावर घेतलं. दुसरी गाडी निघाली, तिसरी निघाली. आता बैलांचं काय करायचं? त्यांना एकटं सोडता येईना, सण त्यांचा. मग प्रत्येक गाडीच्या मागं तिचे तिचे बैल बांधले. पुढं घामाघूम माणसं गाडी ओढताहेत, आणि मागून रंगवलेल्या शिंगांचे, झुली घातलेले बैल घुंगरं वाजवत, कशाची घाई नसल्यासारखे चाललेत, अशी ती मिरवणूक साहेबांच्या खुर्चीसमोरून गेली. एक बैल जाता जाता साहेबांच्या कागदाचा वास घेऊन गेला.

साहेबांचं पेन तसंच वर राहिलं होतं. "आप्पा," ते म्हणाले, "आपण मला सांगाल का, हे काय आहे?"

"बैलगाडी हाय, साहेब."

"बैल मागे आहेत."

"हायत न्हवं पन. बैल हाय, गाडी हाय. कोन पुढं, कोन मागं, ते नियमात सांगितलेलं न्हाई."

साहेबांनी नियम काढून वाचला. खरंच सांगितलेलं नव्हतं. पण ते इमानदार माणूस. "माणसानं ओढली तर ती हातगाडी होते, आप्पा. हातगाडी आपण मोजत नाही. शिवाय रिकामी आहे. वाहन म्हणजे प्रवासी किंवा माल वाहून नेणारं साधन, इथं स्पष्ट आहे. मला हे वाहन वाटलं तरच मी लिहीन. आणि मला," ते फार दुःखानं म्हणाले, "वाटत नाहीये."

सोमाबाईनं हे ऐकलं आणि पदर खोचून ती पुढच्या गाडीत चढली. "घ्या. हा परवासी." गाडी तिला घेऊन खाली गेली, वर आली. साहेब तिच्या बरोबरीनं चालत गेले, चालत आले, आणि तरी मान हलवत राहिले. "या घरच्याच आहेत. हा खेळ झाला. माझ्या मनाची खात्री पटत नाही."

माणसं दमली होती. फेऱ्या चालल्या होत्या आणि कागद कोरा होता. तेव्हा आप्पा दगडावरून उठले.

"मी बसतो," ते म्हणाले.

मुदखेडच्या हातातली तंबाखू सांडली. मी म्हटलं, "आप्पा, नका." पण ते चढले होते. सोमाबाईशेजारी, गाडीच्या कठड्याला धरून, लिंबू नाकाशी. दोन पोक्त माणसांनी जू उचललं. गाडी हलली. वेग म्हणाल तर शेजारून चालणारी कोंबडी पुढं गेली असती. चाक एका दगडावर चढलं आणि धपकन खाली आलं. मग दुसऱ्या दगडावर. साहेब हातात कागद धरून बाजूनं चालत होते.

उताराच्या वळणाशी आप्पांनी चष्मा काढला. त्याच्या काड्यांची घडी घातली. आणि खाली वाकून, मोठ्या अदबीनं, साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी चष्मा घेतला आणि चटकन दोन पावलं मागं सरले. आता त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढं जे व्हायचं ते झालं. मागच्या बैलानं तोंड फिरवलं.

साहेब तिथंच उभे राहिले. एका हातात चष्मा होता, दुसऱ्यात कागद. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं ते मी अजून विसरलेले नाही. त्यांनी चष्मा माझ्याकडे दिला, कागद गुडघ्यावर ठेवला आणि लिहायला सुरुवात केली. शेऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलेलं वाक्य आमच्या कार्यालयात पुढं पुष्कळ वर्षं तोंडपाठ होतं: 'प्रवाशास गाडी लागली. सबब वाहन असल्याची खात्री झाली.'

"पास हाय वो," मुदखेड टेकडीच्या दिशेनं ओरडला, "पास हाय."

दिवस मावळेपर्यंत फेऱ्या भरल्या. सोमाबाईनं आम्हाला पुरणपोळी वाढली, बैलांच्या नंतर. आप्पांनी पोळी बघूनच हात जोडले.

रस्ता व्हायला वेळ लागला, ते सांगण्यात अर्थ नाही. पण झाला. मधल्या काळात आप्पा निवृत्त होऊन उदगीरला गेले, साहेबांची बदली झाली, झेरॉक्स मशीनच्या जागी दुसरं बंद मशीन आलं. जीप पहिल्यांदा वर जायचा दिवस ठरला तेव्हा मी आप्पांना फोन केला. ते म्हणाले, "बराबर हाय," आणि त्या दिवशी सकाळी किनवटला रेल्वेतून उतरले.

तिथंही नियम होताच. फेरी मोहगुड्यातून सुरू व्हायची, म्हणून पहिल्यांदा वर चढताना जीप रिकामीच न्यायला हवी होती. त्यामुळे ज्या जिपेची इतकी वाट बघितली ती सोमाबाईच्या समोरून तिचा मुलगा एकटाच चालवत वर घेऊन गेला, आणि सगळी वस्ती, नटूनथटून, तिच्या मागून चालत वर गेली. सोमाबाई चिडली नाही. म्हणाली, "शेवटचं चालून घेतो." आप्पा तिच्या बाजूनं चालत होते. मग वस्तीतून रीतसर फेरी निघाली, सोमाबाई पुढच्या सीटवर बसून बाजाराला गेली, मीठ घेतलं, आणि परत निघाली.

त्या परतीला आम्ही आमच्या गाडीतून पुढं होतो. मुदखेडला नांदेड गाठायची घाई, पण मी म्हटलं आपण वस्तीपर्यंत जाऊ आणि मग फिरू. आप्पा पुन्हा चालत खाली येऊन चिंचेशी थांबले होते; त्यांना दोन्ही गाड्यांत जागा होती. ते कुठल्याच गाडीत बसले नाहीत. एवढंच नाही, त्या नव्या रस्त्यावरूनही चालेनात. "डांबराचा वास येतोय, नायगाव. मळमळतं." रस्त्याच्या कडेनं जुनी पाऊलवाट अजून शिल्लक होती, तिच्यावरून ते निघाले. ज्या रस्त्यासाठी त्यांनी ओकून घेतलं तो शेजारी काळाभोर पसरलेला, आणि हे गवतातून.

मी मागच्या काचेतून बघत होते. सोमाबाईची जीप येत होती, पण काही केल्या वेग घेईना. मग दिसलं. तिनं मुलाला हळू चालवायला लावलं होतं. जीप आप्पांच्या पावलानं चालली होती. खिडकीतून सोमाबाई काहीतरी सांगत होती, आप्पा मान हलवून उत्तर देत होते, आणि असे दोघं, एक बसून आणि एक चालत, बरोबरीनं गप्पा मारत वर चढले. मागं खोळंबलेल्या दोन मोटारसायकली हॉर्न देत होत्या. तिनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

जीप तिच्या दाराशी थांबली. सोमाबाई उतरली नाही. मांडीवर मिठाची पुडी घेऊन तशीच बसून राहिली, आपल्याच दाराकडे बघत.

"आलं, अव्वा," आप्पा म्हणाले. "उतरा की."

"दम घ्या जरा," सोमाबाई म्हणाली. "बसून आले मी."

आप्पा थांबले. आम्ही गाडी फिरवली. मुदखेडनं आरशात बघून विचारलं, "घेऊ का आप्पाला संगं?" मी नको म्हटलं. आप्पांना मी त्या दिवसानंतर पाहिलं नाही. वळणावरून मागं बघितलं तेव्हा सोमाबाई अजून जिपेत बसलेली होती, आणि आप्पा दारावर कोपर टेकून बाहेर उभे होते. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.